डोंगरावर नाव, भुईकोटात पराक्रम

पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडून गेल्या की नगरकरांची पावले चांदबिबी महालाकडे वळतात. शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्याच्या बाजूला दहा-बारा किलोमीटरवर हा डोंगर आहे. पहाटे पायी चढणारे, सायकलवर घाटाचा दम काढणारे, सुटीच्या दिवशी डबे बांधून मुलाबाळांसह येणारे अशा सर्वांची येथे वर्दळ असते. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून थोड्या अधिक उंचीवर, माथ्यावर दगडी बांधणीची तीन मजली अष्टकोनी इमारत उभी आहे. सुमारे ७० फूट उंचीच्या या वास्तूच्या कमानींत उभे राहिले की वारा अंगावर येतो आणि चारी दिशांचा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. पाहुण्याला नगरकर मोठ्या अभिमानाने सांगतो, की हा आमच्या चांदबिबीचा महाल.

वास्तविक हा महाल नव्हे, आणि तो चांदबिबीचा तर नव्हेच. ही सलाबतखान दुसरा याची कबर आहे. मुर्तजा निजामशहा पहिला याच्या कारकिर्दीत हा कर्तबगार मंत्री राज्याचा कारभार पाहत होता. नगरमधील फराहबाग या जलमहालाचे काम त्याच्याच काळात पूर्ण झाले. शहराला पाणी पुरविणाऱ्या नहरींपैकी काहींशी त्याचे नाव जोडलेले आहे. हयातीतच त्याने आपल्यासाठी ही जागा निवडली, असे मानले जाते. पुढे त्याचे अधिकार गेले, कैदही भोगावी लागली आणि इ. स. १५८९ मध्ये तो मरण पावला. इमारतीच्या तळघरातील थडगी आजही पाहता येतात.

मग लोकांनी या वास्तूला चांदबिबीचे नाव का दिले असावे? एवढ्या उंचावरच्या, दूरवरून दिसणाऱ्या वास्तूला साजेसे दुसरे नाव नगरच्या इतिहासात लोकांना सापडले नसावे, इतकेच म्हणता येते. मात्र या नावामुळे एक गोष्ट घडते. डोंगरावर जाऊन आलेला पर्यटक आपण चांदबिबी पाहिली असे समजून परत फिरतो. तिची खरी कहाणी डोंगरावर नाही. ती खाली सपाटीवर, भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठी आहे.

चांदबिबीचा जन्म इ. स. १५५० च्या सुमाराचा. हुसेन निजामशहा पहिला हा तिचा पिता आणि खुंजा हुमायून ही आई. आजोबांचे वडील अहमद निजामशहा यांनी इ. स. १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फारकत घेऊन निजामशाही स्थापन केली होती आणि भिंगारजवळ आपल्या नावाचे शहर वसविले होते. तेच अहमदनगर, ज्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आणि ज्याला पंचक्रोशीत नुसते नगर म्हणतात. शहराचा किल्ला आधी मातीचा होता. हुसेनशहाने इ. स. १५५९ पासून पुढील तीन-चार वर्षांत त्याला दगडी तट घातला. सुमारे पावणेदोन किलोमीटर घेराचा वाटोळा कोट, ठायी ठायी भक्कम बुरूज आणि भोवती रुंद, खोल खंदक. चांदबिबी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल. वडिलांनी उभारलेल्या याच तटाचे खिंडार आपल्याला एक दिवस बुजवावे लागेल, याची त्या मुलीला कल्पना असणे शक्य नव्हते.

दख्खनमधील सुलतान तेव्हा एकमेकांशी सतत झगडत होते. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकत्र येण्याचे ठरले, तेव्हा ती मैत्री सोयरिकीने पक्की करण्यात आली. इ. स. १५६४ च्या सुमारास चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला देण्यात आली आणि अलीची बहीण नगरच्या मुर्तजाला. ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी वर्षानुवर्षे लढली, तो या लग्नात विजापूरला आंदण मिळाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १५६५ मध्ये, तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगरचे वैभव लयाला गेले. नगरमध्ये बागरौजा या अहमद निजामशहाच्या काळ्या दगडी कबरीच्या परिसरात एका हत्तीची समाधी दाखवितात. रामरायाला पकडणारा गुलामअली हत्ती तो हाच, अशी परंपरा आहे. चांदबिबीच्या विवाहाने जुळलेल्या युतीची ही एक दगडी खूण म्हणता येईल.

विजापुरात चांदबिबी पंधरा-सोळा वर्षे राणी म्हणून वावरली. फारसी, अरबी आणि तुर्कीबरोबर तिला मराठी आणि कानडीही येत होती, ती वाद्य वाजवी, फुलांची चित्रे काढी, असे सांगितले जाते. पतीबरोबर मोहिमेवर आणि शिकारीला घोड्यावरून जाणारी राणी अशी तिची ख्याती होती. हातावर ससाणा घेऊन घोडदौड करणारी चांदबिबी पुढे दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय झाली. इ. स. १७०० च्या सुमाराचे असे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीही लोकांना ती मोकळ्या रानात, घोड्यावर बसलेलीच आठवत होती. अली आदिलशहाने इ. स. १५७९ मध्ये विजापुरात बांधलेली चांद बावडी तिच्याच नावाची आहे. नगरचा डोंगर नावापुरता तिचा; ही विहीर मात्र खरोखर तिच्यासाठी बांधलेली.

इ. स. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूलबाळ नव्हते. पुतण्या इब्राहिम अवघा नऊ वर्षांचा. त्याला गादीवर बसवून चांदबिबीने त्याच्या पालनपोषणाची आणि राज्याची जबाबदारी उचलली. येथून तिच्या आयुष्याचा कस लागण्यास प्रारंभ झाला. दख्खनी, हबशी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी असे सरदारांचे तट होते आणि बालराजा ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, असा मामला होता. किश्वरखान या सरदाराने तिला थेट साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. आज ज्या अजिंक्यताऱ्यावर सातारकर सकाळी फिरायला जातात, तेथे ती बंदिवान होती. इखलासखानाच्या नेतृत्वाखाली हबशी सरदारांनी किश्वरखानाला पळवून लावले तेव्हा ती सुटून विजापुरास परतली.

या गोंधळाचा फायदा घेऊन निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी विजापूरला वेढा दिला. चांदबिबीच्या दृष्टीने शत्रूच्या छावणीत तिचे माहेर होते आणि नगरच्या गादीवर सख्खा भाऊ होता. तिने सासरच्या बाजूने किल्ला राखला, भांडणाऱ्या सरदारांना एकत्र आणले आणि वेढा उठला. आपण ज्या गादीचे पालक आहोत, तिचेच इमान राखायचे, हा तिचा आयुष्यभराचा नियम होता. तिच्यावर पुढे जो आरोप झाला, त्याचा विचार करताना हा प्रसंग विसरून चालत नाही.

इ. स. १५८४ मध्ये इब्राहिमच्या बहिणीचा विवाह नगरच्या राजपुत्राशी, मीरान हुसेनशी ठरला. नवरीच्या सोबतीने चांदबिबी माहेरी आली. पण माहेरची दशा पाहण्यासारखी राहिली नव्हती. भाऊ मुर्तजा याला लोक दिवाणा म्हणू लागले होते. दरबार सोडून तो एकांतात राही. सोलापूर रस्त्याला रणगाडा संग्रहालयाजवळ आज जी फराहबागेची भग्न, तरीही देखणी वास्तू उभी आहे, ती त्याची आवडती जागा होती. कोरड्या पडलेल्या तलावाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या उंच कमानी पाहताना वैभवापेक्षा एकटेपणाच अधिक जाणवतो. इ. स. १५८८ मध्ये मुर्तजाला त्याच्याच मुलाने हालहाल करून मारले आणि तो मुलगाही वर्षभरात मारला गेला. पुढच्या सहा-सात वर्षांत नगरच्या गादीवर आणखी तीन सुलतान बसले. त्यांतला शेवटचा इब्राहिम निजामशहा इ. स. १५९५ मध्ये विजापूरच्याच फौजेशी लढताना पडला.

गादीसाठी आता चार-चार दावेदार उभे राहिले. चांदबिबीचा पाठिंबा मृत सुलतानाच्या तान्ह्या मुलाला, बहादूरला होता. तो तिच्या भावाचा नातू. मियाँ मंजू या दख्खनी सरदाराने बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अडकवून ठेवले आणि अहमद नावाच्या दुसऱ्याच मुलाला गादीवर बसविले. विरोधक उलटले तेव्हा त्याने एक घातक गोष्ट केली. अकबराचा पुत्र मुराद गुजरातेत होता. त्याला त्याने मदतीसाठी बोलाविले. मोगलांना दख्खनमध्ये यायचेच होते, आता त्यांना आमंत्रणच मिळाले. पुढे विरोधकांचा मोड झाल्यावर मंजूला पश्चात्ताप झाला, पण तोवर मोगल निघाले होते. तो आपल्या बालराजासह कुमक मिळविण्याच्या निमित्ताने बाहेर पडला आणि किल्ला चांदबिबीच्या हाती राहिला.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौज नगरसमोर येऊन ठाकली. मुरादसोबत अब्दुल रहीम खानखाना होता, हिंदी दोह्यांमुळे आपण ज्याला ओळखतो तोच रहीम. चांदबिबीचे वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास होते. तिने मोर्चे वाटून दिले, विजापूर आणि गोवळकोंड्याला मदतीसाठी निरोप धाडले. विजापूरचा इब्राहिम म्हणजे तिनेच वाढविलेला पुतण्या. त्याने सुहेलखानाच्या हाताखाली फौज रवाना केली. कुमक पोहोचण्यापूर्वी किल्ला घेण्याची मोगलांना घाई झाली. त्यांनी तटाखाली सुरुंग खोदले आणि दारू ठासली.

मोगल छावणीतील ख्वाजा महंमदखान शिराझी याला शर्थीने लढणाऱ्या किल्ल्यातील लोकांची दया आली आणि रात्री त्याने सुरुंगांच्या जागा आत कळविल्या. किल्ल्यातील लोकांनी आतून खणत जाऊन दोन सुरुंगांतील दारू काढून टाकली. उरलेल्यांचा शोध चालू असतानाच, फेब्रुवारी १५९६ मध्ये, मोगलांनी बत्ती दिली. तटाचा मोठा भाग आकाशात उडाला. मोठमोठ्या सरदारांचे धैर्य खचले आणि लोक पळू लागले.

चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन आणि हातात नंगी तलवार धरून खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे परतले. मोगलांच्या एकामागून एक तुकड्या खिंडारावर चालून आल्या आणि परतवल्या गेल्या. संध्याकाळपर्यंत खंदक प्रेतांनी भरला. रात्री राणीने झोप घेतली नाही. स्वतः उभे राहून दगड, माती, जे हाती येईल त्याने तिने तटाचे काम चालू ठेवले आणि उजाडेपर्यंत खिंडार पुरुषभर उंचीहून अधिक भरून निघाले. तोफगोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली, ही गोष्ट नगरमध्ये आजही सांगतात. ती आख्यायिका असेल. पण त्या रात्री भरलेला तट ही आख्यायिका नव्हे. समकालीन इतिहासकार फिरिश्ता याने तो प्रसंग तपशिलाने नोंदविला आहे. या दिवसापासून लोक चांदबिबीला चांद सुलताना म्हणू लागले.

मोगल छावणीत धान्याची टंचाई होती, मुराद आणि खानखाना यांचे पटत नव्हते, सुहेलखान जवळ येत होता. किल्ल्यातही उपासमार होती. दोन्ही बाजूंनी तह केला. वऱ्हाड मोगलांना मिळाले आणि बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळाली. वऱ्हाड देणे चांदबिबीला सोपे गेले नाही. परंतु प्रांत देऊन राज्य वाचते, हे तिने ओळखले. चावंडवरून बहादूरला आणून गादीवर बसविण्यात आले.

येथे कहाणी संपती तर बरे झाले असते. कारभारासाठी नेमलेल्या महंमदखानाने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. त्याच्या जागी आलेल्या अभंगखानाशीही तिचे बिनसले. गोदावरीकाठी इ. स. १५९७ मध्ये सुहेलखानाच्या नेतृत्वाखालील दख्खनी फौजा खानखानाकडून पराभूत झाल्या. इ. स. १५९९ मध्ये मुराद मरण पावला आणि त्याच्या जागी दुसरा राजपुत्र दानियाल आला. इ. स. १६०० मध्ये स्वतः अकबर बऱ्हाणपुरास येऊन राहिला. अभंगखान घाट रोखण्यासाठी गेला आणि न लढताच जुन्नरकडे निघून गेला. नगरला दुसऱ्यांदा वेढा पडला.

या वेळी चांदबिबीचा हिशेब वेगळा होता. विजापूरहून कुमक येण्याची आशा नव्हती, सरदार पांगले होते, खजिना रिता होता. भिंतीवर उभे राहून मरणे शक्य होते. पण त्याने किल्ला वाचणार नव्हता, बालराजाही वाचणार नव्हता. किल्ला मोगलांच्या हवाली करावा आणि त्या बदल्यात बहादूरला व आतल्या लोकांना सुखरूप जुन्नरकडे जाऊ द्यावे, असा विचार तिने जिताखान या खोजाजवळ बोलून दाखविला. जिताखान तडक बाहेर पडला आणि राणी फितूर झाल्याची ओरड त्याने केली. चिडलेला दख्खनी शिपायांचा जमाव तिच्या महालात घुसला. चार वर्षांपूर्वी जिच्या पाठीशी उभे राहून त्यांनी तट राखला होता, तिचा त्यांनी तेथेच वध केला. साल इ. स. १६००.

ती चूक नव्हती, हे सिद्ध व्हायला काही आठवडेच लागले. ऑगस्टमध्ये मोगलांनी सुरुंग उडवून तट पाडला आणि किल्ल्यात प्रवेश केला. या वेळी खिंडारात उभे राहणारे कोणी नव्हते. किल्ल्यात कत्तल झाली. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात आयुष्यभराच्या कैदेत पाठविण्यात आले. चांदबिबीला जे टाळायचे होते, ते सारे घडले. निजामशाहीचे नाव मलिक अंबरने पुढे टिकविले आणि इ. स. १६३६ मध्ये तेही संपले.

तलवार घेऊन खिंडारात उभी राहिलेली चांदबिबी आपल्याला प्रिय आहे. फिलिप मेडोज टेलर यांनी इ. स. १८७८ मध्ये तिच्यावर इंग्रजी कादंबरी लिहिली. इ. स. १९४२ ते १९४५ या काळात याच किल्ल्यात बंदिवासात असलेल्या पंडित जवाहरलाल नेहरूंनी येथे लिहिलेल्या ग्रंथात आरंभीच तिची आठवण काढली. परंतु तिच्या शेवटच्या निर्णयाची आठवण फारसे कोणी काढत नाही. १५९६ चे धैर्य सर्वांना दिसले, कारण ते तटावर होते. १६०० चे धैर्य कोणाला दिसले नाही, कारण ते आपल्याच लोकांना नको असलेली गोष्ट सांगण्याचे होते. जमावासमोर शत्रूशी लढण्याची भाषा नेहमीच सोपी असते. लोकांचे प्राण वाचविण्यासाठी माघार घेण्याची भाषा फितुरीसारखी ऐकू येते. चांदबिबी त्या गैरसमजाला बळी पडली.

नगरला जायचे तर पुण्याहून सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता आहे आणि दौंड-मनमाड लोहमार्गावर हे स्थानक आहे. सकाळचा पहिला प्रहर डोंगरासाठी राखून ठेवावा. उन्हाळा टाळून पावसाळा किंवा हिवाळा निवडावा, पाणी सोबत न्यावे. हाताशी आणखी एक दिवस असेल तर डोंगरगणची दरी आणि मांजरसुंबा गड ही भटकंतीची उत्तम जोड आहे. पावसात डोंगरगणचा ओढा वाहू लागला की इंग्रज अधिकाऱ्यांनी या जागेला हॅपी व्हॅली का म्हटले ते कळते. शहरात बागरौजा, किल्ल्याजवळची नाजूक कोरीवकामाची दमडी मशीद आणि फराहबाग ही ठिकाणे अर्ध्या दिवसात होतात.

मात्र भुईकोट किल्ला चुकवू नये. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. बहुतेक पर्यटक नेत्यांच्या कोठड्या पाहून परततात. थोडा वेळ काढून खंदकाच्या कडेने तटाकडे पाहत चालावे. हुसेनशहाने हे दगड रचले, त्याच्या मुलीने एका रात्रीत त्यांचे खिंडार भरले आणि याच तटाच्या आत तिच्या माणसांनी तिला संपविले. संध्याकाळी शहराबाहेर पडताना पूर्वेच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. म्हणू द्यावे. लोकांनी ते नाव उचलून माथ्यावर ठेवले आहे. ज्या शहराने तिला एकदा ओळखले नाही, त्या शहराकडून तेवढे तरी तिला मिळायलाच हवे होते.